दुधाची तहान ताकावर भागते का?

पत्र:

डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. पुण्यात नोकरीला असताना एमडी पावडरच्या नादी लागला. दीड वर्ष आम्हाला पत्ताच नव्हता. नोकरी गेली, गाडी विकली, शेवटी नाशिकला घरी आणला. तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहिला. बाहेर येऊन सात महिने झाले, पावडरला हात लावलेला नाही. गेल्या आठवड्यात कपडे धुवायला टाकताना त्याच्या जीन्सच्या खिशात रोलिंग पेपर आणि गांजाची पुडी सापडली. विचारलं तर लपवाछपवी नाही, उलट मलाच शिकवायला लागला. "ताई, गांजाची यंत्रणा आपल्या मेंदूतच असते, जन्मापासून. सायन्स आहे. दोन झुरके मारले की एमडीची तलफ जाते. ब्राझीलमध्ये, कॅनडात लोक असेच सुटलेत." मोबाइलवर इंग्रजी लेखही दाखवले. आता म्हणतो, गांजा नको असेल तर सीबीडीचं तेल घेऊन दे, बाटली चार हजारांची. बाबा म्हणतात, निदान पावडर तरी नाही ना, साधू-बैरागी ओढतातच की. आईला बीपी आहे, तिला काही सांगितलेलं नाही. तो म्हणतो ते खरं आहे का? आणि मी काय करू?
– एक ताई, नाशिक

उत्तर:

प्रिय ताई,

नाव छापू नका म्हणालात, म्हणून तुमचा भाऊ मारतो तीच हाक मारते आहे.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहून पुढे गेलात. विचारल्यावर त्याने लपवलं नाही. एमडीच्या दीड वर्षात हाच मुलगा रोज खोटं बोलत असणार. आज पुडी सापडल्यावर तो वाद घालतो, लेख दाखवतो, पैसे उघड मागतो. मला हे बरं लक्षण वाटतं. गांजा बरा आहे असं मी म्हणत नाही. माणूस अजून बोलण्याच्या अंतरावर आहे, एवढंच म्हणते.

आता त्याच्या सायन्सकडे येऊ. पहिलं वाक्य शंभर टक्के खरं आहे. गांजातलं मुख्य नशेचं द्रव्य, टीएचसी, राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी इस्राएलमध्ये १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. ते मेंदूत नेमकं कुठे जाऊन बसतं हे कळायला पुढची चोवीस वर्षं लागली. १९८८ साली अमेरिकेत त्याची खाच सापडली, तिला सीबी-१ म्हणतात. मग साहजिक प्रश्न आला, की मेंदूने ही खाच गांजाच्या रोपट्यासाठी तर करून ठेवली नसणार, मग घरचा पाहुणा कोण? तो १९९२ मध्ये जेरुसलेमला सापडला, डुकराच्या मेंदूतून. त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड. हो, आपल्याच संस्कृतातल्या 'आनंदा'वरून. या नावाने बरंच नुकसान केलंय असं मला नेहमी वाटतं. नाव ऐकूनच माणूस समजतो की हा मेंदूतला आनंदाचा झरा आहे आणि गांजा म्हणजे त्याला लावलेला पंप.

प्रत्यक्षात आनंदामाइडचं काम झऱ्याचं कमी आणि उलट टपालाचं जास्त आहे. मेंदूत निरोप साधारणपणे एका पेशीकडून पुढच्या पेशीकडे जातो. निरोप फार जोरात यायला लागले की घेणारी पेशी आनंदामाइड किंवा त्याचं भावंड असलेलं दुसरं द्रव्य तिथल्या तिथे तयार करते आणि ते मागे पाठवते, 'पुरे, जरा दमानं घे' असं सांगायला. काम झालं की लगेच ते मोडून टाकलं जातं. सगळा खेळ काही सेकंदांचा, आणि तोही त्या एवढ्याशा जागेपुरता. गांजाचा झुरका मारला की टीएचसी मेंदूभर, गरज असो वा नसो, सगळ्या खाचांत जाऊन बसतं आणि तासन्‌तास उठत नाही. म्हणजे यंत्रणा जन्मापासून आहे हे भावाचं म्हणणं बरोबर. पण 'म्हणून गांजा घ्यायला हरकत नाही' हे त्यातून निघत नाही. आपल्या शरीरात अ‍ॅड्रेनलिनही जन्मापासून असतं, म्हणून कोणी त्याची इंजेक्शनं मारत बसत नाही.

एमडीचा संबंध इथून पुढे सुरू होतो. तुम्ही नाशिकच्या, म्हणून कसारा घाट घेते. उतारावर ट्रक उभा आहे आणि क्लीनरने चाकाखाली दगड लावलाय. मेंदूच्या खोल भागात डोपामिन, म्हणजे एखादी गोष्ट हवीहवीशी वाटायला लावणारं द्रव्य, सोडणाऱ्या पेशी आहेत, तो आपला ट्रक. त्यांना आवरून धरणाऱ्या दुसऱ्या पेशी आहेत, तो दगड. डोपामिनची पेशी जोरात चालायला लागली की ती स्वतःच आनंदामाइडच्या कुळातलं ते द्रव्य सोडते. ते मागे जाऊन नेमकं दगडवाल्या पेशीलाच गप्प करतं. दगड निघतो, ट्रक आणखी पळतो. साध्या आयुष्यात याचा उपयोगच आहे. भूक लागलेली असताना भाकरी भाजल्याचा वास आला की पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात, ते यामुळेच. पण कोकेन, मेथ (मेथअ‍ॅम्फेटामिन) किंवा एमडी ही उत्तेजक द्रव्यं आधीच ट्रकचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतात, आणि वर ही यंत्रणा दगड काढून देते. कोकेन दिलेल्या उंदरांमध्ये सीबी-१ ची खाच औषधाने बंद केली, तेव्हा डोपामिनच्या लाटा दबल्या, असं २००७ साली दिसलं. थोडक्यात, मेंदूतली गांजाची यंत्रणा उत्तेजक नशेची वैरीण नाही. बऱ्याचदा ती तिची मदतनीस असते.

एक कबुली इथेच देते. ही माहिती मुख्यतः कोकेनवरच्या प्रयोगांची आहे. एमडी म्हणजे मेफेड्रोन, हे या घराण्यातलं उशिरा आलेलं पोर. आपल्याकडे ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं तेच २०१५ मध्ये. त्याचा अभ्यास कमी झालाय. पण डोपामिनला धक्का देण्याची जात तीच आहे, म्हणून कोकेनवरून अंदाज बांधणं अगदीच वावगं नाही.

तुमच्या भावाने जे लेख दाखवले त्यांत अ‍ॅमस्टरडॅमचा प्रयोग होता का? नसेल तर तो त्याला जरूर वाचायला द्या, कारण त्याच्या सात महिन्यांशी याचाच सगळ्यांत जवळचा संबंध आहे. २००१ साली तिथल्या संशोधकांनी उंदरांना कोकेनची सवय लावली. उंदीर कळ दाबून स्वतःच कोकेन घेत. मग ते बंद केलं, दिवस जाऊ दिले, आणि पुन्हा कशाने ते त्या कळीकडे वळतात ते पाहिलं. कोकेनच्या वेळी जे दिसायचं, ऐकू यायचं ते पुन्हा समोर आणलं की उंदीर कळीकडे धावत. आपल्या मुलांना जुना मित्र भेटला, जुना फ्लॅट दिसला की होतं, तसंच. सीबी-१ बंद करणारं औषध दिलं तर ही धाव कमी झाली. उलट सीबी-१ चालू करणारं एक तीव्र कृत्रिम द्रव्य दिलं, तर बरेच दिवस कोकेनपासून लांब असलेले उंदीरही पुन्हा कळ दाबायला लागले. म्हणजे मागे वळायला लावणारी चावी आणि गांजा ज्या खाचेत बसतो ती खाच, दोन्ही एकच. आता ते कृत्रिम द्रव्य गांजापेक्षा कितीतरी जहाल होतं, आणि साध्या टीएचसीने उंदीर असे वळले नाहीत असेही प्रयोग आहेत, हे लपवणार नाही. भाऊ शोधून काढेलच, त्याआधी मीच सांगून टाकते.

त्याच प्रयोगातली एक बाजू मला तुमच्या घरासाठी जास्त महत्त्वाची वाटते. ताण दिल्यामुळे उंदीर कोकेनकडे वळले, तेव्हा सीबी-१ बंद करूनही काही फरक पडला नाही. ताणाची वाट वेगळी आहे. घरात रोज भांडण होत असेल, बेकार म्हणून टोमणे बसत असतील, तर कुठलीही खाच उघडा नाहीतर बंद करा, त्या वाटेला कुलूप लागत नाही.

मग ही खाच बंद करणारी गोळी का देत नाही, असं तुम्ही विचाराल. ती गोळी होती. रिमोनाबंट नावाची, २००६ साली युरोपात वजन कमी करण्यासाठी बाजारात आली. भूकही याच यंत्रणेच्या ताब्यात असते, त्यामुळे वजन उतरायचंही. पण गोळी घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना नैराश्याने, घोर लागल्यासारख्या अस्वस्थतेने गाठलं, आत्महत्येचे विचार यायला लागले. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपात तिची विक्री थांबली, २००९ मध्ये भारतातही बंदी आली. दहा महिन्यांपूर्वी एमडी सोडलेल्या मुलाला, ज्याचं मन आधीच पोळलेलं आहे, असलं औषध कोण देईल? नंतर सीबी-२ नावाच्या दुसऱ्या खाचेकडे लक्ष गेलं. २०११ साली, तिला चालना दिली की उंदीर कोकेन कमी घेतात असं दिसलं. मलाही तेव्हा हुरूप आला होता. पण उंदराच्या पिंजऱ्यातून औषधाच्या दुकानापर्यंतची वाट लांब असते. आजही कोकेन, मेथ किंवा एमडीच्या व्यसनासाठी खास मान्यता मिळालेली एकही गोळी नाही.

आता ब्राझील आणि कॅनडा. हेही तो खोटं सांगत नाही. ब्राझीलमध्ये १९९९ साली क्रॅक, म्हणजे धुरावाटे घ्यायचं कोकेन, ओढणाऱ्या २५ जणांची नोंद प्रसिद्ध झाली. ते क्रॅक सोडायला गांजाचा आधार घेत होते. नऊ महिन्यांत त्यांतल्या १७ जणांनी क्रॅक सोडलं. कॅनडात व्हँकूव्हरला २०१७ मध्ये १२२ जणांचं निरीक्षण प्रसिद्ध झालं, तिथेही ज्यांनी मुद्दाम क्रॅकऐवजी गांजा घेतला त्यांचं क्रॅक नंतर कमी झालं. ही दोन्ही निरीक्षणं आहेत, चाचण्या नाहीत. बाजूला गांजा न घेता सोडू पाहणाऱ्यांचा गट ठेवलेला नव्हता, म्हणून श्रेय गांजाचं की सोडायच्या इच्छेचं, ते सांगता येत नाही. शिवाय त्यांतला माणूस कोण होता ते बघा. तो क्रॅक ओढत होता आणि त्यावरून गांजावर उतरत होता. तुमचा भाऊ सात महिने कशावरच नव्हता आणि तिथून गांजावर चढला. चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर येणं आणि तळमजल्यावरून दुसऱ्यावर जाणं, आकडा एकच असला तरी दिशा उलटी आहे.

त्याच्याशी खरी जुळणारी माणसं न्यूयॉर्कच्या अभ्यासात आहेत. व्यसनाच्या उपचारासाठी भरती झालेल्या २५० जणांवर घरी गेल्यानंतर लक्ष ठेवलं गेलं. तो २००५ साली छापला. बाहेर पडल्यावर ज्यांनी गांजा घेतला, ते कोकेन-दारूकडे परत जाण्याची शक्यता बरीच वाढली आणि सलग टिकून राहणाऱ्यांत त्यांची संख्या कमी भरली. माझ्या ओपीडीतलं चित्रही याहून वेगळं नाही. गांजा ओढणारा प्रत्येक जण घसरतो असं अजिबात नाही. पण घसरलेल्यांना विचारलं की सुरुवात कुठून झाली, तर 'एक जॉइंट मारला होता, मग त्याच मुलाकडे पावडर पण होती' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते पुरं होण्याआधीच मला कळतं. यात मेंदूच्या खाचेइतकाच पुडी विकणाऱ्याचा हात आहे. भावाला एकच विचारा, ही पुडी कोणी दिली, आणि त्याच्याकडे अजून काय काय असतं.

चार हजारांच्या तेलाबद्दल थोडक्यात. सीबीडी हे गांजातलं नशा न आणणारं द्रव्य. माँट्रियलमध्ये कोकेनच्या व्यसनाच्या ७८ जणांवर त्याची नीट चाचणी झाली, साधारण अर्ध्यांना सीबीडी, बाकीच्यांना औषधाचा अंश नसलेला नुसता रिकामा डोस. मात्रा रोज ८०० मिलिग्रॅम. २०२१ साली निकाल आला, तलफही कमी झाली नाही आणि घसरणंही. बाजारातल्या बाटलीतून ८०० मिलिग्रॅम रोज घ्यायचं ठरवलं तर बाटल्या किती लागतील ते तुम्हीच लेबल वाचून मोजा. पैसे वाचवा.

पण 'दोन झुरके मारले की तलफ जाते' असं तो म्हणतो, ते खोटं मानू नका. जातच असेल, तेवढ्यापुरती. प्रश्न आहे ती तलफ कसली. रोज गांजा ओढणाऱ्याच्या मेंदूत सीबी-१ च्या खाचा कमी होतात, हे २०१२ मध्ये मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसलं. साधारण चार आठवडे बंद ठेवला की बहुतेक भरून येतात. दरम्यान गांजा उतरला की चिडचिड होते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, विचित्र स्वप्नं पडतात. दहा महिन्यांपूर्वी एमडी सुटताना त्याला हेच सगळं झालं असणार. त्यामुळे आता गांजा उतरल्यावर जे होतं त्याला तो 'एमडीची तलफ' समजतो आणि औषध म्हणून पुन्हा गांजाच घेतो. मी वाद घालत नाही, वेळ विचारते. कधी ओढतोस? रात्री अकरानंतर, असं उत्तर आलं, तर तलफ एमडीची नाही, झोपेची आहे. जुन्या मित्राचा फोन आल्यावर, असं असेल तर मात्र ती खरी एमडीची आहे. सकाळी उठल्या उठल्या असेल, तर गांजाचंच व्यसन लागलंय. तुम्ही एवढंच विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. सुधारायला जाऊ नका.

बाबांचं साधूंचं उदाहरण. कुंभाच्या गावात राहणाऱ्याला चिलमीचं काय अप्रूप! पण साधू एमडीवरून उठून आलेले नसतात, आणि त्यांना सोमवारी मुलाखतीला जायचं नसतं. बाबांना दुसरी एक गोष्ट सांगा. एमडीने ज्यांना कधी संशयाने पछाडलं होतं, 'माझ्यावर कोणी पाळत ठेवतंय, भिंतीमागे माणसं आहेत' असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात गांजा तो संशय पुन्हा जागा करू शकतो. भावाला तेव्हा असं काही झालं होतं का, हे केंद्राच्या कागदांत बघा. झालं असेल तर आठवड्यातून एकदा, मित्रांत, फक्त शनिवारी, अशी कुठलीच सूट देऊ नका. आणि निदान पावडर तरी नाही, हे बाबांचं वाक्य मला समजतं. दीड वर्ष होरपळलेला बाप दुसरं काय म्हणेल. दुधाची तहान ताकावर भागवतोय असं त्यांना वाटतंय. इथे मात्र ताक पिऊन दुधाची आठवण येते.

करायचं काय ते सांगते. त्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात फॉलोअपला घेऊन जा, शिक्षा म्हणून नाही, 'घसरलास' म्हणून तर नाहीच. झोपेचं आणि उदासीचं नीट औषध मनोविकारतज्ज्ञाकडून मिळू द्या. गांजाचं निम्मं काम तिथेच संपेल. केंद्र लांब पडत असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, मनाच्या तक्रारींसाठी १४४१६. पुण्यात १९८६ पासून चालू असलेलं मुक्तांगण तुम्हाला माहीत असेलच, तिथे घरच्यांशीही बोलतात, तुम्ही एकट्याही जाऊ शकता. तो स्वतःहून उपचार घेत असेल तर कायद्यातही उपचार घेणाऱ्याला संरक्षणाची तरतूद आहे. गांजा मात्र बेकायदाच आहे. भांगेच्या पानाची गोष्ट निराळी, पुडीतल्या गांजाची निराळी, हा फरक पोलीस रस्त्यावर समजावून सांगत बसत नाहीत.

उत्तेजक नशेवर आजवर सगळ्यांत जास्त उपयोगी ठरलेला उपाय फार साधा आहे. लघवीची तपासणी स्वच्छ आली की लगेच, ठरलेलं, छोटं बक्षीस. घरी हे करायचं तर रोख पैसे नकोत. मोबाइलचा रिचार्ज, बुटांचा जोड, त्याच्या आवडीची मिसळ. तपासणीची जबाबदारी केंद्राकडे द्या, बहिणीने पोलीस होऊ नये. आणि पळायला, सायकल चालवायला लावा. घाम निघेल एवढा व्यायाम केल्यावर रक्तातलं आनंदामाइड वाढतं, हे विद्यार्थ्यांवर मोजलेलं आहे. मेंदूतली यंत्रणा त्याला इतकीच प्रिय असेल तर गंगापूर रोडला सकाळी सहाला फुकट चालू करता येते. हे त्याला सांगा, हसेल.

तातडीने दवाखाना गाठायचा तो तीन वेळा. 'जगण्यात काही उरलं नाही' अशा अर्थाचं काही बोलला तर, दोन-तीन रात्री अजिबात झोपला नाही तर, आणि विनाकारण घरच्यांवर संशय घ्यायला लागला तर. तेव्हा माझ्या किंवा कोणाच्या उत्तराची वाट बघू नका.

आईला सांगा. बीपीच्या गोळ्या चालू आहेत ना? मग सांगा. दीड वर्ष लपवलेलं तिला शेवटी कळलंच की नाही? आधी बाबांना आणि भावाला विश्वासात घ्या आणि भावानेच सांगावं असं बघा, तुम्ही शेजारी बसा. 'गांजा सापडला' असं सुरू करू नका, 'झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांकडे जातोय' असं सुरू करू द्या. ते खरंही आहे.

आणि त्याचे इंग्रजी लेख फेकून देऊ नका. वाचणारा मुलगा आहे. पुढच्या भेटीला ते प्रिंट काढून सोबत न्या, डॉक्टरांकडे अर्धा तास जास्तीचा मागून घ्या. अ‍ॅमस्टरडॅमचा उंदीर आणि व्हँकूव्हरचा माणूस त्याला त्यांच्यासमोर मांडू द्या.